पहिला लेख, पहिलं उत्तर: मुक्त ज्ञानकोशात नवे लिहिणारे का टिकत नाहीत?

उत्तररात्र | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी एका मुक्त ज्ञानकोशात लिहितो आहे. त्यातली सहा वर्षं गस्तही घालतो. गस्त म्हणजे 'अलीकडील बदल' उघडून बसायचं, कोणी काय लिहिलं, काय पुसलं ते बघायचं आणि चुकीचं असेल ते उलटवायचं. काम कंटाळवाणं आहे, पण ते केलं नाही तर महिन्याभरात अर्धी पानं वाचण्यासारखी राहणार नाहीत.

मागच्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी नवा लेख आला. विषय मोट, म्हणजे बैलांकडून विहिरीचं पाणी ओढायचं जुनं साधन; लेखक नवा सदस्य, त्याचं पहिलंच संपादन. पहिलं वाक्य होतं, "आमच्या मळ्यात दोन मोटा चालत." पुढे मोटेचा नाडा (जाड दोर) कुठे बांधतात, सोंदूर (बारीक दोर) कुठे, बैल धावेवरून (त्यांच्या उतरत्या वाटेवरून) उतरतात तेव्हा सोंड (मोटेची खालची नळी) थारोळ्यात (पाणी पडायच्या कुंडात) कशी रिकामी होते, हे सगळं क्रमाने लिहिलेलं. शेवटी वडील मोटेवर म्हणायचे त्या गाण्याच्या दोन ओळी. संदर्भ एकही नाही. जागोजागी 'आमचे' आणि 'मी'.

मी साचा, म्हणजे तयार सूचनेची चौकट, लावला: संदर्भहीन, आत्मपर, ज्ञानकोशीय नाही, पान काढावे. साचा लावायला सहा सेकंद लागले असतील. एकवीस मिनिटांनी पान गेलं.

चार दिवसांनी त्या सदस्याच्या चर्चा पानावर, माझ्या साच्याच्या खाली, एक ओळ आली: "माझे चुकले असल्यास क्षमा असावी. पुन्हा लिहिणार नाही."

ती ओळ वाचून मी संगणक बंद केला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. सोंदूर सोंडेला बांधतात की तोंडाला, हे सांगणारी किती माणसं आज हयात असतील? त्यांतल्या किती जणांना टंकलेखन येत असेल? त्यातलं एक माणूस आपणहून आलं आणि मी त्याला घालवलं. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. लेख त्या स्वरूपात राहण्यासारखा नव्हताच. तरीही.

त्यानंतर या विषयावर वाचत सुटलो. विकिपीडियाच्या आधी न्यूपीडिया होता, मार्च २००० मध्ये सुरू झालेला. लेखक शक्यतो त्या विषयाचा जाणकार हवा आणि प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जायला हवा, असा नियम. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख पार पडले. १५ जानेवारी २००१ ला त्याच मंडळींनी जोडीला विकिपीडिया उघडला. कुणीही या, लिहा, चुका नंतर सुधारू. वर्षभरात तिथे वीस हजारांच्या आसपास लेख झाले. न्यूपीडिया २००३ मध्ये बंद पडला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. पुढची फारशी कोणी सांगत नाही. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला पाच किंवा जास्त संपादनं करणारे सदस्य २००७ च्या सुरुवातीला पन्नास हजारांवर होते. २०१३ पर्यंत ते एक तृतीयांशाहून अधिक घटले. चार अमेरिकी संशोधकांनी २०१३ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं की चांगल्या हेतूने येणाऱ्या नव्या लोकांचं प्रमाण फारसं बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते त्यांचं स्वागत. विध्वंस रोखण्यासाठी बनवलेली अर्धस्वयंचलित साधनं हाती आल्यावर चांगल्या नवोदितांचं लेखनही पहिल्या फटक्यात उलटवलं जाऊ लागलं. उलटवलेला नवा माणूस सहसा परतत नाही.

म्हणजे मी जे सहा सेकंदांत केलं, ते हजारो गस्तकऱ्यांनी केलं आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे असं सामूहिक लेखन केलं आहे. नियम ढिले न करता नव्या माणसाला टिकवता येतं का? तुमचा अनुभव काय?

---

कोयनाकाठ | सोमवार, सकाळी ७:०५

फार मनापासून लिहिलं आहे. सविस्तर संध्याकाळी.

---

अनुस्वार | सोमवार, सकाळी ९:२०

उत्तररात्र, तुमची खंत कळली, पण तुम्ही स्वतःवर जास्त घेताय असं मला वाटतं. मीही गस्त घालतो, दुसऱ्या प्रकल्पात. दुसरी बाजूही मांडली पाहिजे म्हणून लिहितो.

मराठीत नियमाने गस्त घालणारे बोटांवर मोजण्याइतके. समोर काय येतं? एखाद्या जातीच्या पानावर इतिहास फिरवणारे, किल्ल्याच्या पानावर आपल्या घराण्याचं नाव घुसवणारे, वर्तमानपत्रातली बातमी जशीच्या तशी उतरवणारे. एका महाविद्यालयात लेखन कार्यशाळा झाली. चाळीस विद्यार्थी, दोन तास, चाळीस लेख. त्यातले तीसहून अधिक कुठून तरी उचललेले होते. प्रताधिकाराचा प्रश्न असल्याने ते ठेवता येत नव्हते. दोघांनी मिळून ते आवरायला आम्हाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही स्वतः एक ओळ लिहिली नाही. दमलेला गस्तकरी सोडून जातो तेव्हा त्याच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

आणि नियम हवेतून आलेले नाहीत. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सीगेन्थॉलर या पत्रकाराच्या पानावर कोणीतरी खोटं लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. तो मजकूर चार महिने तसाच राहिला. त्यानंतर डिसेंबर २००५ पासून खातं न उघडता नवं पान तयार करणं तिथे बंद झालं. २०१८ पासून तर खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेली असल्याशिवाय थेट लेख तयार करता येत नाही. आधी मसुदा लिहा, कुणीतरी तपासेल. हे मला योग्य वाटतं. बांध घातला म्हणजे पाणी अडवलं असं होत नाही, ते वळवलं जातं.

---

सांजवात | सोमवार, दुपारी १:१०

अनुस्वार, गस्तकऱ्यांच्या दमण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे, त्याला पूर्ण अनुमोदन. पण मसुद्याच्या वाटेवर काय होतं त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१८ सालचंच आहे.

डॉना स्ट्रिकलंड, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञ. लेसरचे अतिशय छोटे आणि तीव्र स्पंद निर्माण करण्याची पद्धत त्यांनी जेरार मूरू यांच्यासोबत शोधली, १९८५ मध्ये. त्यांच्यावरचा मसुदा कुणीतरी पाठवला होता. मे २०१८ मध्ये तो नाकारला गेला, कारण दिलेल्या संदर्भांवरून त्यांची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या तिसऱ्याच स्त्री, मारी क्यूरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतरच्या. पान त्या दिवशी झालं.

तपासणाऱ्याने नियम मोडला नव्हता. स्ट्रिकलंड यांच्याबद्दल इतरांनी फारसं लिहिलेलंच नव्हतं, म्हणून संदर्भ कमी पडले. ज्यांच्याबद्दल जगाने लिहिलं नाही त्यांच्याबद्दल ज्ञानकोशानेही लिहायचं नाही, असा त्या नियमाचा अर्थ होऊन बसतो. मोट लिहिणाऱ्या त्या माणसाचंही तेच झालं.

माझा स्वतःचा अनुभव लहानसा आहे. आठ वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मी आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोधडीच्या टाक्यांवर लिहिलं. पाठोपाठ चार साचे लागले. एकाही साच्याखाली माणसाचं वाक्य नव्हतं. सगळे मोठ्या चौकटीत, लाल पट्टी, वर उद्गारचिन्ह. मला वाटलं माझ्या हातून काही गुन्हा झाला. वीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी, पण त्या रात्री नवऱ्यालाही सांगितलं नाही. नंतर कधीच लिहिलं नाही. तिथल्या नियमांबद्दल माझी आजही तक्रार नाही. "ताई, हा टाका कुठल्या भागातला? पुस्तकात कुठे सापडेल का?" एवढं कुणी विचारलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले असते.

---

पुनर्वसू | सोमवार, दुपारी २:००

+१ सांजवात. गोधडीचं इथे तरी लिहा. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ८:४५

संदर्भांचा मुद्दा निघाला आहे तर त्यावर थोडं थांबू या. खरी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

ज्ञानकोशाचा नियम: आधी प्रसिद्ध झालेल्या, विश्वासार्ह स्रोतात जे आहे तेच लिहा. इंग्रजीत हे चालून जातं, कारण जवळजवळ प्रत्येक विषयावर कुणीतरी काहीतरी छापलेलं असतं. मोट, पाभर, गोधडी, कुंभाराचा आवा, मासेमारीची जाळी यांचं बरंचसं ज्ञान तोंडी आहे. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी यावर एक प्रकल्प केला होता, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत. गावातल्या जाणत्या माणसाची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची, ती सगळ्यांना ऐकता येईल अशी ठेवायची आणि लेखात तिचाच संदर्भ द्यायचा. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत करून पाहिलं. इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांत तोंडी संदर्भ बसले नाहीत. त्यांचीही बाजू आहे: मुलाखत देणाऱ्याचं म्हणणं पडताळायचं कसं? पण मराठीने तोच निर्णय डोळे झाकून घ्यावा का, हा प्रश्न आपला आपण सोडवायला हवा. प्रत्येक भाषेतला प्रकल्प आपले नियम स्वतः ठरवू शकतो. आपण मात्र बहुतेक नियम भाषांतर करून घेतले आणि कधी चर्चेला काढले नाहीत.

उत्तररात्र यांनी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला त्यात आणखी एक निष्कर्ष आहे, तो मला जास्त लागला. नियम जुने होत गेले तसे नव्या लोकांना ते बदलणं अशक्य होत गेलं. आधी आलेल्यांनी घर बांधलं. नंतर आलेल्यांना त्यात राहायची परवानगी आहे, भिंत हलवायची नाही.

---

शब्दयात्री | सोमवार, रात्री १०:३०

मी साहित्याच्या बाजूने लिहिते, कारण हा प्रश्न मराठीत संगणकाच्या आधीपासून आहे.

सत्यकथा या मासिकाकडे कथा पाठवली की ती साभार परत येण्याची शक्यता जास्त असे. पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला पत्र लिहीत. कथा कुठे सैल झाली, कुठलं पात्र उगाच आलं, शेवट का घाईचा वाटतो, असं सविस्तर. त्यातून पुन्हा लिहिणं, पुन्हा पाठवणं, पुन्हा पत्र. अनेक लेखक त्या पत्रांतून घडले आणि तसं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. नाही म्हणणारं पत्रसुद्धा माणूस टिकवतं, जर ते त्या लेखनाबद्दल असेल तर. साच्यात आणि पत्रात हाच फरक.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. त्या दाराला अभिरुची होती आणि ती एका वर्गाची होती. साठच्या दशकात लघुनियतकालिकं (छोट्या गटांनी स्वतः काढलेले अंक) निघाली ती त्या दाराशी थांबायचं नाकारूनच. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी सत्यकथेच्या अंकाची होळी केली. तिकडे औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी अस्मितादर्श हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. गावोगावची नवी, पहिल्या पिढीत लिहू लागलेली मुलं तिथे आपलं लेखन वाचत. पत्रापेक्षाही ते मोठं होतं. संपादक त्यांच्या गावात येत होता.

म्हणून उत्तररात्र, तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. नव्या लेखकाला नियम शिकवणं हे एक. त्याच्या येण्याने आपला नियम तपासणं हे दुसरं, आणि ते अवघड आहे.

---

आडवाट | मंगळवार, पहाटे ४:१५

न्यू जर्सीहून लिहितोय, म्हणून वेळ विचित्र.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. स्टॅक ओव्हरफ्लो, प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारायची जागा. मी तिथेच शिकलो. २००९ मध्ये मूर्ख वाटेल असा प्रश्न विचारला होता, एका माणसाने तीन परिच्छेद लिहून समजावलं. पुढे मीच नव्यांचे प्रश्न 'आधी विचारला गेला आहे' म्हणून बंद करू लागलो. त्या जागेचा उत्तम सफाईकामगार झालो होतो मी. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने स्वतः जाहीर लिहिलं की आपली जागा लोकांना आपुलकीची वाटत नाही, खास करून नवे प्रोग्रामर, स्त्रिया आणि गोरे नसलेले लोक यांना. मग नव्या सदस्याच्या प्रश्नाखाली 'हे नवे आहेत, सांभाळून' अशी खूण दिसू लागली.

खुणेचा माझ्यावर परिणाम झाला, खरंच झाला. हात थांबायचा. पण त्या एका क्षणाच्या पुढे नव्याला वेळ कोण देणार, हे ठरलेलं नव्हतं. खूण बघून मी बंद करायचो नाही, उत्तरही द्यायचो नाही. प्रश्न तसाच पडून राहायचा.

---

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ९:००

आडवाट यांची शेवटची दोन वाक्यं वाचून मी काल रात्री लिहून ठेवलेलं माझं उत्तर खोडलं.

सांजवात ताई, चार साच्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. आम्ही लावतो तसेच साचे ते. ते साचे मुळात नव्या माणसासाठी लिहिलेलेच नाहीत. पुढच्या गस्तकऱ्याला कळावं म्हणून लिहिलेले आहेत, आणि ते वाचतो मात्र नवा माणूस. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

माझी अडचण अजून तीच आहे: वेळ. रोजच्या चाळीस-पन्नास संपादनांना पत्रं लिहिता येणार नाहीत. मग निवडायचं कसं?

---

सांजवात | मंगळवार, सकाळी ११:३५

शिक्षकाचा अनुभव सांगते. पन्नास वह्या तपासताना प्रत्येकीवर शेरा लिहिता येत नाही. पण कुठल्या वहीत मूल स्वतः बोलतंय आणि कुठल्या वहीत मार्गदर्शक उतरवलंय, हे पहिल्या ओळीत कळतं. उतरवलेल्याला लाल खूण पुरते. स्वतः बोलणाऱ्याला शेरा लागतो. "आमच्या मळ्यात दोन मोटा चालत" ही ओळ कुठूनही उतरवलेली नाही.

ज्या 'आमचे' आणि 'मी'मुळे तो लेख काढला गेला, नेमक्या त्याच खुणेवरून निवडता येईल, बघा.

---

पाणवठा | मंगळवार, दुपारी १२:२०

इंग्रजी विकिपीडियावर २०१२ पासून 'टीहाऊस' नावाचं पान आहे. नव्याने काहीही विचारावं, जुने सदस्य साध्या भाषेत उत्तर देतात, नियमांची लघुरूपं तोंडावर फेकायची नाहीत. आता अनेक भाषांत नव्या सदस्याला आपोआप एक मार्गदर्शक नेमून देण्याचीही सोय आहे. आपल्याकडे चावडी हे सगळ्यांच्या चर्चेचं पान आहे, पण तिथे जुन्यांचेच वाद चालतात. नव्याने तिथे तोंड उघडायचं म्हणजे भरल्या पंचायतीत उभं राहण्यासारखं.

---

उत्तररात्र | शनिवार, रात्री ९:५०

चार दिवस लिहिलं नाही, कारण हातात काहीतरी घेऊन यायचं होतं.

मंगळवारी रात्री मी त्या सदस्याच्या चर्चा पानावर लिहिलं. साचा नाही, पत्र. 'साच्यामागे मीच होतो' असं सांगितलं आणि क्षमा मागितली. मग तीन प्रश्न विचारले. मोट कातड्याची होती की पत्र्याची? सोंदूर कण्यावरून (खालच्या रुळावरून) जायचा ना? थारोळं दगडी होतं का? प्रचालकांना (पानं काढायचे-परत आणायचे अधिकार असलेल्या सदस्यांना) सांगून काढलेला मजकूर त्या सदस्याच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) परत आणला. तिथे तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि घाईही नसते.

काल उत्तर आलं. पंचाहत्तरीच्या पुढचे निवृत्त शिक्षक आहेत, गाव सांगत नाही. लिहितात: "मोट आधी कातडी, नंतर पत्र्याची आली. नाडा तोंडाला, वरच्या चाकावरून. सोंदूर सोंडेला, खालच्या कण्यावरून. बैल धावेच्या टोकाला पोचले की नाडा आणि सोंदूर दोन्ही ओढले जातात आणि सोंड थारोळ्यावर येऊन पाणी पडते. थारोळे आमच्याकडे दगडी, शेजारी लाकडी पन्हळ. परत आणलेल्या लेखात 'आमच्या मळ्यात' हे शब्द काढायचे तर त्या जागी काय घालायचे, ते सांगावे."

मी लिहिलं की गाणं आणि 'आमच्या मळ्यात' यांच्यासाठी आपण त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करू आणि ती वेगळी, त्यांच्या नावाने ठेवू. लेखात भागांची नावं आणि रचना, त्यांना छापील आधार शोधायचा. कोयनाकाठ, तोंडी संदर्भांचा विषय मी सोमवारी आमच्या चर्चेत मांडतोय. तुम्ही मसुदा बघाल का?

अनुस्वार, हिशेब तुमच्यासाठी मुद्दाम ठेवला. पत्राला बावीस मिनिटं, धूळपाटीला दहा. या आठवड्यात असं पत्र लिहावं असे मला एकूण तीनच नवे सदस्य दिसले. बाकीच्यांना साचाच योग्य होता. सांजवात ताईंची खूण वापरली.

आधाराचं अडलं आहे. मोटेच्या भागांची नावं कुठे छापलेली मिळतील?

---

अनुस्वार | शनिवार, रात्री १०:१५

तीन सदस्य, दीड-पावणेदोन तास. एवढं मलाही जमेल. मसुदा मीही बघतो.

---

शब्दयात्री | शनिवार, रात्री १०:५०

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघा, पहिला विभाग १९३२ चा. शेतीची, अवजारांची नावं त्यात भरपूर आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा कोशही. रचनेसाठी जुनी गॅझेटियर्स चाळावी लागतील, विहिरीच्या सिंचनाचं प्रकरण. सोमवारी मी वाचनालयात जाणारच आहे. थारोळे, सोंदूर, धाव, कणा या चार शब्दांचे विभाग आणि पानांचे क्रमांक उतरवून आणते. सरांना विचारून ठेवा, धावेला त्यांच्याकडे आणखी काही नाव होतं का.

---

सांजवात | रविवार, सकाळी ८:१०

शब्दयात्री, जातच आहात तर 'गोधडी'ही बघाल का? धावदोऱ्यासाठी आजी एक वेगळा शब्द वापरायची, तो कोशात आहे का ते मला कळेल.